‘नेशनवाइड’ आणि ‘देशव्यापी’: एका भाषांतरातले वाढीव माप

‘देशव्यापी संपाला संमिश्र प्रतिसाद.’ मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणालाही हा मथळा ओळखीचा वाटेल. संघटना बदलतात, साल बदलते, मथळा तसाच राहतो. एका दैनिकाच्या वृत्तकक्षात उपसंपादक म्हणून बारा वर्षे काढल्यामुळे हा मथळा मी स्वतः किती वेळा दिला असेल याची मोजदाद नाही. टेलिप्रिंटरवर इंग्रजी बातमी यायची, तीत ‘नेशनवाइड स्ट्राइक’ असायचे आणि हात आपोआप ‘देशव्यापी’ लिहून मोकळा व्हायचा. या मथळ्यात काही विसंगती आहे हे लक्षात यायला मला नोकरी सोडावी लागली. जे देश व्यापून राहिले आहे त्याला प्रतिसाद संमिश्र कसा? आणि प्रतिसाद संमिश्र असेल, म्हणजे कुठे बंद आणि कुठे सुरळीत, तर त्याने देश व्यापला असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? इंग्रजीत ‘नेशनवाइड’ आणि ‘मिक्स्ड रिस्पॉन्स’ शेजारी शेजारी सुखाने नांदतात. मराठीत मात्र त्यांचे भांडण लागते. हे भांडण त्या संपाचे नसून भाषांतराचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी इंग्रजी शब्द पाहू. ‘नेशनवाइड’ हा जोडशब्द जुन्या ‘वर्ल्डवाइड’च्या वळणावर घडलेला. पूर्वी तो मध्ये संयोगचिन्ह देऊन लिहीत. अमेरिकी इंग्रजीत तो विशेष रुळला, आणि ‘स्टेटवाइड’, ‘सिटीवाइड’ ही भावंडेही तिकडे भरपूर. त्यातला ‘वाइड’ म्हणजे रुंद. रुंदी मोजताना आपण या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणतो. दोरीखाली पाणी किती खोल आहे, मध्ये बेटे किती आहेत, हे दोरी सांगत नाही. ‘नेशनवाइड’ही तेवढेच सांगतो. एखादी गोष्ट देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आढळते, इतकाच त्याचा दावा. मधल्या प्रत्येक गावात ती आहे असे तो म्हणत नाही. त्यामुळे चाळीस शहरांत निदर्शने झाली की इंग्रजी बातमीदार निःशंकपणे ‘नेशनवाइड’ लिहितो, आणि त्याच्या भाषेपुरते ते खोटे नसते.

नावात गेला की हा शब्द आणखी सैल होतो. अमेरिकेत ओहायोच्या शेतकऱ्यांच्या मोटारींचा विमा उतरवण्यासाठी १९२६ मध्ये फार्म ब्यूरोची एक विमा कंपनी निघाली. इतर राज्यांत हातपाय पसरू लागल्यावर तिने १९५५ मध्ये नाव बदलले आणि ‘नेशनवाइड’ हे विशेषणच नाव म्हणून घेतले. ब्रिटनमधल्या को-ऑपरेटिव्ह परमनंट या गृहकर्ज देणाऱ्या सोसायटीनेही १९७० मध्ये हेच नाव धारण केले. दुकानाच्या पाटीवर हा शब्द आला की तो वर्णन राहत नाही, मनसुबा होतो. त्यात गैर काही नाही. आपल्याकडेही तसेच झाले आहे. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले (पुण्याला जमायचे होते, पण तिथे पटकीची साथ आली) आणि त्यांनी स्वतःला ‘नॅशनल’ म्हणवून घेतले. मराठीने लगेच ‘राष्ट्रीय सभा’ असे नाव दिले. ७२ माणसांत राष्ट्र कुठून मावणार? पण ते नाव पुढच्या कामाचा संकल्प होता आणि तसाच वाचला गेला. १९३६ मध्ये सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले, तेही याच जातीचे. १९४७ मध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत होता. नावात मात्र ‘ऑल’ होता.

मनसुबा आणि वार्ता यांच्यात गल्लत झाली की काय होते, याचा एक चांगला अभ्यास ब्रिटनमध्ये झालेला आहे. बीबीसीवर १९६९ पासून १९८३ पर्यंत संध्याकाळी ‘नेशनवाइड’ नावाचाच एक कार्यक्रम असे. लंडनच्या स्टुडिओतून सुरुवात, मग प्रत्येक प्रांताच्या आपापल्या बातम्या, मग पुन्हा सगळे एकत्र, अशी त्याची रचना. प्रांतांची गंमत दाखवत दाखवत त्यातून एक ‘आपण’ उभा केला जाई. शार्लट ब्रन्सडन आणि डेव्हिड मॉर्ली यांनी १९७८ मध्ये या ‘आपण’ची चिरफाड केली. पुढे मॉर्लीने कार्यक्रमाचे भाग वेगवेगळ्या गटांना दाखवून त्यांचे बोलणे टिपले आणि ते १९८० मध्ये पुस्तकरूपाने आले. बँकेचे व्यवस्थापक, कामगार संघटनांचे लोक, शिकाऊ कामगार, कृष्णवर्णीय विद्यार्थी असे ते गट होते. यांतले कृष्णवर्णीय विद्यार्थी कार्यक्रमावर रागावलेही नाहीत. हे आपल्याविषयी नाहीच, अशा थाटात ते त्याच्याकडे पाहत राहिले. ब्रिटन हे एक राष्ट्र की चार, हा तिथला जुना वाद आहे. पण इथे प्रश्न स्कॉटलंड-वेल्सचा नव्हता, लंडनमधल्याच मुलांचा होता. रुंदीची दोरी त्यांच्या डोक्यावरून गेली होती.

आता मराठीकडे वळू. आपण ‘वाइड’चे भाषांतर ‘रुंद’ किंवा ‘विस्तृत’ असे केले नाही, ‘व्यापी’ असे केले. ‘व्यापणे’ हे क्रियापद पसरण्यापेक्षा भारी आहे. तिळात तेल असते तसे व्यापलेले असते, किंवा आकाश सगळीकडे असते तसे. न्यायशास्त्रात तर ‘व्याप्ती’ हा अनुमानाचा कणाच. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. धूर व्याप्य, अग्नी व्यापक. धूर आहे आणि अग्नी नाही असे एक जरी ठिकाण सापडले तरी व्याप्ती मोडली. त्याला नैयायिक ‘व्यभिचार’ म्हणतात. उलट दिशेने ती व्याप्ती खरी नाही हे दाखवायला त्यांना तापलेला लोखंडाचा एक गोळा पुरतो, कारण तिथे अग्नी आहे आणि धूर नाही. या हिशेबाने ‘देशव्यापी संप’ म्हणजे जिथे जिथे देश तिथे तिथे संप. एका तालुक्यातली एसटी वेळेवर सुटली की हा शब्द पडला. इंग्रजी शब्दाने जे वचन दिलेच नव्हते ते मराठी शब्दाने दिले, आणि शेकडो मथळ्यांत रोज मोडले. सतत मोडणाऱ्या वचनाकडे लोक लक्ष देईनासे होतात. ‘देशव्यापी’चे तेच झाले आहे. ऐकताना तो मोठा वाटतो, पण तो खरा की खोटा हे तपासण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

मग ‘देशभर’ का चालत नाही? बोलण्यात तोच चालतो. ‘भर’ हा मराठीचा फार लवचिक प्रत्यय आहे. घरभर, गावभर, जन्मभर यांत तो पुरेपूर भरतो. चिमूटभर, क्षणभर, तसूभर यांत थोडक्यावर भागवतो. ‘गावभर बोभाटा झाला’ म्हणताना कोणी घरे मोजत नाही, आणि ऐकणाराही मोजणी मागत नाही. ‘नेशनवाइड’ची जी प्रामाणिक ढिलाई आहे ती ‘देशभर’मध्ये नेमकी उतरते. अडचण व्याकरणाची आहे. इंग्रजी शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही होतो. ‘देशभर’ हे क्रियाविशेषण. नामापुढे बसवायचे तर ‘देशभरातील’ किंवा ‘देशभरचा’ करावे लागते. दोन कॉलमी मथळ्यात ‘देशभरातील’ मावत नाही आणि ‘देशभरचा संप’ उपसंपादकाला गावठी वाटतो. ‘जन्मभरची ठेव’, ‘वर्षभराचे धान्य’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही, पण संप आला की संस्कृत समास हवा. ‘देशव्यापी’ हा अर्थापेक्षा जागेच्या आणि रुबाबाच्या सोयीने रूढ झालेला शब्द आहे, असे मी माझ्या हातांच्या सवयीवरून सांगू शकतो.

त्यात ‘देश’ हा शब्दही आपल्याकडे इमानदार नाही. सह्याद्रीच्या वरचा तो देश आणि खालचे ते कोकण. देशावरून आलेला पाहुणा साताऱ्याचाही असतो. देशमुख-देशपांडे यांच्या नावातला देश तर परगण्याएवढा. जुन्या मराठी कारभारात एखादी गोष्ट ‘देशव्यापी’ म्हटली असती तर ती दोन दिवसांच्या घोडदौडीत संपली असती. ‘राष्ट्रव्यापी’ म्हणून सुटका होत नाही. राष्ट्रकूटांच्या राज्यात ‘राष्ट्र’ हा एक प्रांत होता आणि ‘राष्ट्रपती’ हा त्या प्रांताचा अधिकारी. इंग्रजी ‘नेशन’चे मूळ जन्मवाचक लॅटिन धातूत आहे, आपल्या ‘राष्ट्रा’चे ‘राज्’ धातूत, म्हणजे सत्तेत. दोन्ही शब्द एकमेकांचे प्रतिशब्द झाले ते एकोणिसाव्या शतकातल्या गरजेपोटी.

त्याआधी एवढ्या मोठ्या भूमीसाठी मराठी काय म्हणत होती? ‘मुलुखभर’ म्हणत होती, ‘हिंदुस्थानभर’ म्हणत होती, आणि भारदस्त बोलायचे तर ‘आसेतुहिमाचल’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो मोजतो कसे हे लपवत नाही. खाली सेतू, वर हिमाचल, दोन खुंट्या सांगितल्या. मोजणी उभी आहे, ‘वाइड’सारखी आडवी नाही. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची आणि रामेश्वरची वाळू काशीला, हा पायी केलेला हिशेब त्यामागे आहे. नाथांनी कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले ती कथा मराठी माणसाला या मोजणीसकट माहीत असते. बद्री, द्वारका, पुरी, रामेश्वर हे चार धामही असेच: चार कोपरे बांधले की मधले क्षेत्र आपले.

हा ‘चार’ आकडा इथेच सोडवत नाही, कारण आधुनिक कायद्यातही तो वेगळ्या वेषात भेटतो. महामार्गावरच्या मालट्रकवर ‘नॅशनल परमिट’ रंगवलेले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली त्याची व्याख्या पाहिली तर हा परवाना संपूर्ण भारतासाठी असू शकतो, किंवा एकमेकांना लागून असलेल्या राज्यांसाठी. ती राज्ये, परवाना देणारे राज्य धरून, चारांपेक्षा कमी नसावीत. म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान एवढ्यात फिरणारा ट्रकही ‘राष्ट्रीय’ ठरे. २०१० मध्ये एकत्रित शुल्काची पद्धत आली आणि परवाना खऱ्या अर्थाने देशभरचा झाला. राजकीय पक्षाला ‘राष्ट्रीय’ मान्यता मिळण्याचा एक मार्गही तोच: चार राज्यांत राज्यपक्ष म्हणून मान्यता. (एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचा हा दर्जा गेला, तेव्हा नावातले ‘राष्ट्रवादी’ राहिले आणि ‘राष्ट्रीय’ गेले.) धामांचे चार चार टोकांना आहेत, परवान्याचे चार एकमेकांना खेटून, पण दोघांचीही भिस्त ‘चार म्हणजे सगळे’ या समजुतीवर. ‘चार लोक काय म्हणतील’ या वाक्यातले चार लोक आजवर कोणाला दिसले आहेत? तरी ते सगळ्या गावाच्या वतीने बोलतात.

‘ऑल इंडिया’चे भाषांतर करताना आपण ‘व्यापी’पेक्षाही पुढे गेलो. ‘अखिल भारतीय’ म्हणालो. ‘खिल’ म्हणजे पडीक, न नांगरलेली जमीन; त्यावरून मधली मोकळी जागा, उरलेला भाग. ऋग्वेदाची खिलसूक्ते म्हणजे मूळ संहितेबाहेर उरलेली सूक्ते, आणि हरिवंशाला महाभारताचे खिल म्हणतात ते याच अर्थाने. ‘अखिल’ म्हणजे ज्यात एकही तुकडा पडीक उरला नाही असे. याहून कडक शब्द संस्कृतात शोधून सापडणार नाही, आणि तो आपण मंडळांना, परिषदांना, महासंघांना सढळ हाताने वाटला.

मराठी साहित्य संमेलनाचे उदाहरण घेणे भाग आहे, कारण या अंकाचे वाचक त्याच मांडवातले. रुंदीच्या दृष्टीने संमेलनाने नावाचे सार्थक केले आहे: १९५४ मध्ये दिल्ली, २०१५ मध्ये नामदेवांच्या घुमानला, २०२५ मध्ये पुन्हा दिल्ली. इंदूर, बडोदे, हैदराबाद ही तर मराठीची जुनी माहेरे. इंग्रजीत याला कोणीही ‘नेशनवाइड’ म्हणावे. पण ‘अखिल’ हा रुंदीचा शब्द नाही, आणि खिलाचा प्रश्न या संमेलनाच्या बाळपणीच उपस्थित झाला होता. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकार जमले. १८८५ मध्ये पुन्हा जमण्याचे ठरले तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले, आणि त्यांनी ते नाकारले. जे इतरांना माणूस म्हणून हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय. फुले पुण्यातच राहत होते. अंतराचा प्रश्नच नव्हता. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही संमेलन भरले. ही संमेलने घुमानपेक्षा खूप जवळ झाली. अखिलाच्या नकाशावर पडीक राहिलेले तुकडे सीमेवर नव्हते, घरातच होते. संमेलनाच्या नावाविरुद्ध माझी तक्रार नाही. नाव संकल्प म्हणून घेतले असेल तर ते राहावे. पण आपली समीक्षा ते वार्ता म्हणून वाचते, आणि ‘मराठी साहित्य’ असे म्हणताना खिल किती हे विचारत नाही, ही तक्रार आहे.

एवढ्या सगळ्यात खिल सांगण्याची सवय कोणाला असेल तर ती कायद्याच्या मसुदाकारांना. त्यांची भाषा रुक्ष म्हणून आपण नाके मुरडतो. पण भारतीय दंड संहितेचे पहिले कलम कित्येक दशके असे होते की संहिता संपूर्ण भारतास लागू, आणि लगेच पुढे, जम्मू आणि काश्मीर राज्य वगळून. हे ‘वगळून’ ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस गेले. त्या वगळण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी काहीही म्हणो, वाक्यरचना खरी होती. ‘संपूर्ण’ म्हटल्यावर काय राहिले ते त्याच वाक्यात सांगितले होते. मथळ्याला ही सोय नसते.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांसाठी लागू झाली. ‘देशव्यापी’ हा शब्द इतक्या काटेकोरपणे खरा ठरल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. नैयायिकालाही व्यभिचार दाखवता आला नसता. जिथे देश तिथे बंद. पण बंदी व्यापक होती तसा शिधा व्यापक नव्हता. एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळण्याची योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली होती, तीही चार राज्यांत: आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात अशा दोन जोड्या करून. शेवटचे राज्य आसाम. ते २०२२ च्या जूनमध्ये सामील झाले. मधल्या काळात लाखो माणसे रस्त्याने चालत निघाली. त्यांच्यापुरता ‘वाइड’ हा शब्द आपल्या मूळ अर्थावर आला: देश किती रुंद आहे हे त्यांनी पावलांनी मोजले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून निघाले होते आणि त्यांना मध्य प्रदेशात जायचे होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ‘देशव्यापी टाळेबंदी’ आणि ही बातमी एकाच पानावर होती.

शेवटी एक जुनी गोष्ट, माझ्या हातून झालेली. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. देशातली मोजकी गावे आणि मोजकी घरे निवडून तिचे आकडे काढतात, आणि ‘अखिल भारतीय’ या मथळ्याखालचा रकाना त्यांवरून भरतो. नमुना काटेकोर असेल तर यात शास्त्रदृष्ट्या काही वावगे नाही. जनगणनेलाही खिल चुकलेले नाहीत: १९८१ मध्ये आसामात ती झाली नाही, १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात झाली नाही, आणि तिथले आकडे अंदाजाने भरावे लागले. नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांच्या अहवालांत सुरुवातीलाच एक वाक्य असे. पाहणीचे क्षेत्र संपूर्ण भारत आहे. मात्र नागालँडमधली, बसच्या रस्त्यापासून पाच किलोमीटरपेक्षा आत असलेली गावे आणि अंदमान-निकोबारमधली वर्षभर पोहोचता न येणारी गावे सोडून. बसच्या रस्त्यापासून पाच किलोमीटर! देशाची हद्द इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

असाच एक अहवाल बातमीसाठी माझ्या टेबलावर आला होता. मी तो मराठीत केला, ‘देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष’ असा मथळा दिला, आणि बातमी तीन ओळींनी जास्त भरत होती म्हणून शेवटच्या तीन ओळी काढल्या. ते वाक्य त्यांत होते.